तेलविहिरीला पाठिंबा देण्याआधी तासांचा हिशेब मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रात तेलविहीर खोदायला किनाऱ्यावरच्या लोकांनी पाठिंबा द्यावा की विरोध करावा, यावरची चर्चा बहुतेक वेळा 'रोजगार की मासे' इथेच अडकते. दोन्ही बाजू अंदाजाने बोलतात आणि जनसुनावणी आरडाओरड्यात संपते. आमचे म्हणणे असे, की कोणतीही बाजू घेण्याआधी दोन आकडे लेखी मागावेत. विहिरीचा उद्रेक झाला, म्हणजे खालच्या दाबाने तेल-वायू आवरेनासे उसळले, तर तेल किनाऱ्याला लागायला किती तास लागतील, हा पहिला. ते अडवणारी साधने प्रत्यक्ष पाण्यात उतरून काम सुरू व्हायला किती तास लागतील, हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर कंपनी कितीही नामांकित असो, पाठिंबा देऊ नये.

पहिला आकडा काढायला महागडे संगणकीय प्रारूप लागत नाही. पाण्यावरचा तवंग वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने वाऱ्याबरोबर सरकतो आणि पृष्ठभागावरच्या प्रवाहाचा पूर्ण वेग त्यात मिळतो. वारा २० नॉट असेल तर त्याचे ३ टक्के म्हणजे ०.६ नॉट, ताशी साधारण १.१ किलोमीटर. विहीर ४० किलोमीटरवर असेल आणि वारा सरळ किनाऱ्याकडे असेल, तर तेल सुमारे ३६ तासांत पोहोचते. अर्ध्या नॉटचा प्रवाहही त्याच दिशेने असेल तर वेग ताशी २ किलोमीटर होतो आणि अवधी २० तासांवर येतो. भरती-ओहोटीचा प्रवाह उलटसुलट असल्याने खोल पाण्यात तो दिवसभरात बराचसा फिटतो, पण खाडीच्या तोंडाशी भरती तेलाला आत ओढून नेते. म्हणून वर्षभराच्या सरासरी वाऱ्यावरचा हिशेब स्वीकारू नये. 'तेल किनाऱ्याला लागण्याची शक्यता अमुक टक्के' असे कंपनीच्या गळती-निवारण आराखड्यात छापलेले असते, ती टक्केवारी अनेकदा बारा महिन्यांची एकत्र असते. वारा किनाऱ्याकडे असण्याच्या महिन्यांची आणि मासेमारीच्या हंगामाची टक्केवारी वेगळी काढून मागावी.

दुसऱ्या आकड्यात सर्वात जास्त लपवाछपवी होते. आराखड्यात साधने गोदामातून निघाल्याची वेळ दिलेली असते. त्याआधी गळती लक्षात येणे, ती कळवणे, निर्णय होणे, बोट आणि माणसे मिळणे, आणि त्यानंतर प्रवास व साधने पाण्यात उतरवणे, हे सगळे तास मोजायला हवेत. रात्री तवंग दिसत नाही. विमानातून कोणी दाट पट्टा दाखवल्याशिवाय बोटी पातळ चकाकीतच फिरत राहतात. तेव्हा उद्रेक संध्याकाळी झाला असे धरून हिशेब मागावा.

साधने वेळेत आली तरी ती कुठे हरतात हेही माहीत असावे. तेल अडवणारा तरंगता अडथळा, ज्याला बूम म्हणतात, तो प्रवाहाला आडवा लावला तर सुमारे ०.७ नॉटच्या वर तेल त्याच्या खालून निसटते. खाडीच्या तोंडाशी एवढा प्रवाह अगदी सामान्य असतो. तिथे बूम तिरका लावून तेल एका कडेला वळवावे लागते, त्यासाठी नांगर आणि दोरांची जागा आधी ठरलेली असावी लागते. मीटर-दीड मीटरच्या लाटांत बूम आणि तेल उपसणारे स्किमर दोन्ही जवळजवळ निकामी होतात. शिवाय लाटांनी घुसळलेले तेल पाणी शोषून घेते आणि त्याचा दाट चॉकलेटी लगदा होतो. त्यात तीन चतुर्थांशापर्यंत पाणी असते, म्हणजे १०० टन तेलाचा ४०० टन लगदा. तो साठवायला बार्ज कुठे आहेत, हे आराखड्यात क्वचितच सापडते. टाक्या भरल्या की स्किमर थांबतो. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात विहीर उधळली तेव्हा हजारो बोटी कामाला लावूनही, अमेरिकी सरकारच्या हिशेबानुसार विहिरीतून बाहेर आलेल्या तेलापैकी फक्त ३ टक्के पाण्यावरून उपसता आले आणि ५ टक्के जाळता आले.

तवंग फोडणारी रसायने फवारता येतात, पण तेल ताजे असतानाच. एकदा लगदा झाला की ती लागू पडत नाहीत. फोडलेले तेल नाहीसेही होत नाही, ते थेंबांच्या रूपात खालच्या पाण्यात उतरते. खोल पाण्यात ते पांगते. उथळ पाण्यात, अंडी-पिल्लांच्या आणि कालवा-शिंपल्यांच्या जागी, ते जास्त घातक ठरते. म्हणून फवारणी किती खोलीच्या आत बंद राहील, याची रेषा नकाशावर आधीच आखून घ्यावी. किनाऱ्यांची संवेदनशीलता मोजण्याची १ ते १० अशी प्रचलित श्रेणी आहे. लाटा आदळणारा उघडा खडक १ वर, तर दलदल आणि खारफुटी १० वर. खडक लाटांनीच बराचसा धुतला जातो. खारफुटीत शिरलेले तेल चिखलात वर्षानुवर्षे राहते आणि ते काढायला माणसे आत शिरली तर त्यांच्या पायांनी ते आणखी खोल दाबले जाते. पहिला बूम कुठे लागणार, हे या श्रेणीवरून आधीच ठरलेले असले पाहिजे.

उधळलेली विहीर बंद कशी करणार, हा याहून मोठा प्रश्न. 'आमची विहीर उथळ पाण्यात आहे, मेक्सिकोच्या आखातासारखे इथे होणार नाही,' असे सांगितले जाते. मेक्सिकोजवळच्या कँपेचीच्या उपसागरातील इक्स्टॉक-१ ही विहीर जेमतेम ५० मीटर पाण्यात होती. ३ जून १९७९ रोजी ती उधळली आणि २३ मार्च १९८० रोजी बंद झाली. ऑस्ट्रेलियाजवळच्या तिमोर समुद्रातील माँटारा विहीर ८० मीटरहून कमी पाण्यात होती. २१ ऑगस्ट २००९ पासून ती ७४ दिवस वाहत राहिली. अशा वेळी शेजारून दुसरी विहीर तिरकी खोदत नेऊन हजारो मीटर खाली पहिल्या विहिरीला गाठायचे आणि जड चिखल व सिमेंट भरून तिचा गळा आवळायचा, याला रिलीफ वेल म्हणतात. माँटाराला ती पाचव्या प्रयत्नात लागली. समुद्रतळावरच्या विहिरीच्या तोंडावर बसवायची अवजड टोपी, कॅपिंग स्टॅक, २०१० नंतर तयार ठेवली जाते. उद्योगाच्या सामाईक टोप्या नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि सिंगापूर अशा मोजक्या ठिकाणी असतात. विहिरीचे तोंड पाण्याच्या वर, समुद्रात खांबांवर उभ्या केलेल्या फलाटावर असेल, किंवा उथळ पाण्यात वायूच्या उसळीमुळे जहाजाला वर उभेच राहता येत नसेल, तर ही टोपी कामाची नाही.

त्यामुळे नेमके विचारावे: रिलीफ वेल कोणती रिग (समुद्रात विहीर खोदणारा यंत्रमंच) खोदणार? ती आज कुठे आहे, कोणाशी करारात आहे? इथपर्यंत यायला किती दिवस? तेवढ्याच खोलीत ती उभी राहू शकते का? लागणारे केसिंग (विहिरीला आतून लावायचे पोलादी) पाइप आणि विहिरीच्या तोंडाशी बसवायची जोडणी साठ्यात आहेत का? 'गरज पडल्यास उपलब्ध करून दिली जाईल' हे उत्तर मान्य करू नये.

उद्रेक एका चुकीने होत नाही. विहीर टप्प्याटप्प्याने खोदतात. प्रत्येक टप्प्यावर पोलादी केसिंग उतरवून त्याच्या बाहेरच्या फटीत सिमेंट भरतात, आणि आत भरलेला जड चिखल खालच्या दाबाला तोलून धरतो. तेल-वायू आणि समुद्र यांच्यामध्ये कोणत्याही क्षणी तपासलेले दोन स्वतंत्र अडथळे असले पाहिजेत, हा या धंद्यातला मूळ नियम. माँटाराला तळाचे सिमेंट नीट बसले नव्हते आणि त्यावर असायला हव्या असलेल्या दाबरोधक टोप्यांपैकी एक बसवलेलीच नव्हती. मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो विहिरीवर, जिच्यावर डीपवॉटर होरायझन ही रिग काम करत होती, २० एप्रिल २०१० रोजी सिमेंट टिकले नाही. ते टिकले आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (दाबाचे एकक) दाब दिसत असताना, म्हणजे विहीर बंद नसल्याची खूण असताना, ती यशस्वी मानली गेली. मग जड चिखल काढून समुद्राचे पाणी भरले. शेवटचा उपाय म्हणून समुद्रतळावर असलेल्या ब्लोआउट प्रिव्हेंटरची, म्हणजे विहीर आवळून बंद करणाऱ्या झडपयंत्राची, पाती वाकून कडेला सरकलेला पाइप पूर्ण कापू शकली नाहीत. ११ कामगार गेले. विहीर ८७ दिवस वाहिली.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक टप्प्यावर सिमेंट बसल्याचा पुरावा, म्हणजे दाबचाचणी आणि महत्त्वाच्या टप्प्यांवर बाँड लॉग (सिमेंट केसिंगला चिकटले आहे का याची मोजणी), कंत्राटदाराशिवाय दुसऱ्या स्वतंत्र तपासनिसाने पाहिलेला असावा. ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या दाबचाचण्यांच्या तारखा आणि निकाल किनाऱ्यावरच्या समितीला मिळावेत. आणि नियमातून दिलेली प्रत्येक सवलत, कारणासह, काम सुरू होण्याआधी जाहीर व्हावी. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरासमोर जानेवारी १९६९ मध्ये जी विहीर फुटली, तिला नियमापेक्षा कमी केसिंग टाकण्याची सवलत मिळाली होती. विहीर तोंडाशी बंद केल्यावर तेल-वायूने कमजोर वरच्या थरांतून वाट काढली आणि समुद्रतळाच्या भेगांतून वर आले.

उद्रेक क्वचित होतो, हे मान्यच आहे. मासेमारीला रोजचा त्रास दुसऱ्याच गोष्टींचा होतो, आणि तो पहिल्या विहिरीच्या आधीच सुरू होतो. समुद्रतळाखाली तेल कुठे असेल हे आवाजाच्या लहरींनी शोधणाऱ्या भूकंपीय सर्वेक्षणाचे जहाज मागे अनेक किलोमीटर लांबीच्या केबल ओढत ४-५ नॉटने चालते आणि दर १०-१५ सेकंदांनी दाबलेल्या हवेचे बार पाण्यात सोडते. ते चटकन वळू शकत नाही, म्हणून वाटेतली जाळी काढायला लावतात. १९९२ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात मोजले, तेव्हा कॉड आणि हॅडॉकची पकड सर्वेक्षणाच्या आसपास सरासरी निम्म्याने घटली. घट १८ सागरी मैलांपर्यंत दिसली आणि बार थांबल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्ववत झाली नव्हती. प्रत्येक जातीचे मासे असेच वागतील असे यावरून म्हणता येत नाही. पण भरपाई फक्त तुटलेल्या जाळ्याची द्यायची आणि हुकलेल्या पकडीची नाही, ही प्रथा अन्यायाची आहे एवढे नक्की. सर्वेक्षणाच्या रेषा, तारखा आणि अंडी घालण्याचा हंगाम एकाच नकाशावर मांडून मगच वेळापत्रक ठरवावे.

फलाट उभा राहिला की त्याभोवती ५०० मीटरचा सुरक्षा घेर येतो. एका घेराचे क्षेत्र सुमारे ७८ हेक्टर. ऐकायला थोडे वाटते. पण ओढीचे जाळे घेऊन चाललेली बोट घेराच्या कडेला टेकून जात नाही, तिला वळायला जागा लागते. चार-पाच फलाट, त्यांना जोडणाऱ्या पाइपलाइन आणि पुरवठा बोटींची वाट मिळून ओढीची अख्खी पट्टी तुटते. फलाटाच्या खांबांभोवती मासे गोळा होतात हेही खरे, मात्र ते याच घेराच्या आत असतात. पाइपलाइनखालची वाळू प्रवाहाने खणली गेली की पाइप अधांतरी राहतो आणि त्या फटीत ओढीच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्या अडकतात. १९९७ साली उत्तर समुद्रात वेस्टहेवन ही बोट अशीच पाइपलाइनला जाळे अडकून बुडाली, चार जण गेले. म्हणून पाइप पुरलेला असावा, वादळी हंगामानंतर दर वर्षी त्याची तपासणी व्हावी, आणि उघड्या पडलेल्या भागांचे अक्षांश-रेखांश बोटींवरच्या जीपीएसमध्ये थेट घालता येतील अशा स्वरूपात मिळावेत.

तेलाबरोबर जमिनीखालचे पाणीही वर येते. ते गाळून समुद्रात सोडतात. ईशान्य अटलांटिकमधील देशांनी मान्य केलेली मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम तेल ही आहे. दिवसाला १०,००० घनमीटर पाणी सोडले, तर मर्यादा पाळूनही रोज ३०० किलो तेल समुद्रात जाते. विहीर जुनी होते तसे पाणी वाढत जाते. तेव्हा एकाग्रतेच्या मर्यादेबरोबर वर्षाच्या एकूण वजनाची मर्यादाही मागावी. शक्य तिथे हे पाणी पुन्हा खडकात सोडण्याची अट घालावी.

रोजगाराबद्दल थोडक्यात. शोधविहीर साधारण एक ते तीन महिन्यांत खोदून होते. रिगवर शंभर-दीडशे माणसे असतात, ती बहुतेक प्रशिक्षित आणि बाहेरून पाळीवर येणारी. गावाला मिळतात ती कामे बंदर, गोदाम, खानपान, बोटी आणि पहारा यांची. तीही तळ त्याच किनाऱ्यावर असेल तरच. पैशाचे म्हणाल तर समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी अनेक देशांत मध्यवर्ती तिजोरीत जाते. किनाऱ्याचा वाटा मागूनच घ्यावा लागतो, आणि तो मागण्याची वेळ परवान्याआधीची. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या स्थानिक परिषदेने सलम व्हो येथील तेलतळ उभा राहण्याआधीच १९७४ साली संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घेतला, बंदराचा ताबा आपल्याकडे ठेवला आणि कंपन्यांकडून त्रासाबद्दलचा मोबदला ठरवून घेतला. तो पैसा १९७६ साली स्थापन केलेल्या न्यासातून बेटांवरच्या लोकांसाठी वापरला गेला. तेल वाहू लागल्यावर हीच मागणी केली असती तर तिला कोणी विचारले नसते.

भरपाईच्या बाबतीत एक मोठी उणीव फारच थोड्यांना ठाऊक असते. टँकरमधून सांडलेल्या तेलासाठी आंतरराष्ट्रीय करार आणि भरपाई निधी आहेत. समुद्रातल्या विहिरीतून सांडलेल्या तेलासाठी जगभर लागू होणारा तसा करार नाही. देशाच्या कायद्यात आणि परवान्यात जे लिहिले असेल तेवढेच हाती येते. नॉर्वेच्या १९९६ च्या पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या भरपाईचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कंपनीची चूक सिद्ध करण्याचे ओझे मच्छीमारावर नाही. असा कायदा नसेल, तर हेच कलम करारात घालून घ्यावे. त्याला बँक हमी किंवा विमा जोडलेला असावा आणि मासेमारी बंद झाल्यापासून ३० दिवसांत पहिला हप्ता मिळावा. एक्झॉन व्हाल्डेझ हे टँकर जहाज १९८९ साली अमेरिकेतील अलास्कात फुटले. ज्युरीने ठरवलेले ५ अब्ज डॉलरचे दंडात्मक नुकसानभरपाईचे प्रकरण २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५० कोटी ७५ लाख डॉलरवर येऊन थांबले. एकोणीस वर्षे मच्छीमाराच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. त्याच अपघातानंतर तिथे एक चांगली गोष्टही झाली. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये मच्छीमार, गावे आणि मूळ रहिवासी यांची सल्लागार परिषद उभी राहिली. खर्च तेल उद्योग करतो, पण परिषद त्याच्या हुकमाखाली नाही. ती स्वतःचे तज्ज्ञ नेमते, सरावांवर लक्ष ठेवते. मच्छीमारांच्या बोटींना पगारी सराव देऊन गळतीच्या वेळी कामाला बोलावले जाते. आमच्या मते प्रत्येक तेलकिनाऱ्यावर अशी परिषद असावी आणि ती पहिल्या विहिरीच्या आधी असावी.

विहीर संपल्यावर काय, हे कोणी विचारत नाही, कारण ती वेळ वीस-तीस वर्षांनी येते. तोवर मूळ कंपनी क्षेत्र विकून गेलेली असते. ऑस्ट्रेलियाजवळचे नॉर्दर्न एन्डेव्हर हे तेलजहाज असेच एका छोट्या कंपनीकडे गेले. ती २०२० साली अवसायनात निघाली आणि ते मोडीत काढायचे काम सरकारच्या गळ्यात पडले. मेक्सिकोच्या आखातात टेलर एनर्जीचा फलाट २००४ च्या इव्हान वादळात समुद्रतळ घसरून कोसळला. विहिरींची तोंडे गाळाखाली गाडली गेली आणि पुढे दीड दशक तेल झिरपत राहिले. त्यामुळे विहिरी सिमेंटने बुजवणे, केसिंग समुद्रतळाच्या खाली कापणे, फलाट उचलणे आणि तळावर ओढीचे जाळे फिरवून तो मोकळा असल्याची खात्री करणे, या सगळ्याचा खर्च पहिल्या तेलापासून वेगळ्या निधीत जमा व्हावा. क्षेत्र विकले तरी जुन्या मालकाची जबाबदारी सुटू नये.

प्रत्येक समुद्राला एकच उत्तर लागू होत नाही. कोरड्या वायूच्या (ज्यात द्रव तेल जवळजवळ नसते अशा) क्षेत्रात दाट तवंगाचा धोका बराच कमी असतो, तिथे अटी पाळल्या गेल्या तर पाठिंबा देता येईल. उलट माशांची मोठी प्रजननक्षेत्रे कोणत्याही अटीवर देऊ नयेत. नॉर्वेसारख्या तेलावर श्रीमंत झालेल्या देशाने लोफोतेनचा कॉडचा समुद्र आजवर बंद ठेवला आहे, आणि कॅनडाने जॉर्जेस बँकवर १९८८ पासून खोदकामाला मनाई ठेवली आहे.

प्रस्ताव नुसता कानावर आला तरी एक काम लगेच सुरू करावे. ते म्हणजे आधीच्या स्थितीची नोंद. माँटाराच्या तेलाने पिके गेली असे इंडोनेशियातल्या समुद्रशेवाळ पिकवणाऱ्या हजारो शेतकऱ्यांनी सांगितले, तेव्हा तेल तिथवर पोहोचलेच नाही असे उत्तर मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २०२१ साली. किमान एक पूर्ण वर्ष, शक्य तर दोन, बोटीनिहाय पकड लिहावी: तारीख, जागा, खोली, जाळ्याचा प्रकार, जात, वजन, विक्रीची पावती. खाडी, पुळण आणि खारफुटीतील गाळाचे व शिंपल्यांचे नमुने ठरावीक जागांवरून, पावसाआधी आणि पावसानंतर, स्वच्छ काचेच्या बाटल्यांत घ्यावेत. प्लॅस्टिक चालत नाही, त्यातली रसायने तपासणी बिघडवतात. नमुन्यांचा एक संच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा, दुसरा गोठवून सीलबंद ठेवावा, आणि प्रत्येक बाटली कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची सही-तारखेसह नोंद ठेवावी. नोंदवहीची प्रत दर तिमाहीला मत्स्य विभागाकडे देऊन पोच घ्यावी.

आपले,
सागरी तेल उत्खनन आणि मासेमारी या विषयांचे काही अभ्यासक